इंग्लंडातलं मध्ययुगीन घराणं शोधायचं तर आडनाव सोडा, जमीन धरा

एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. त्यांचं सासर इंग्लंडात, सफोक परगण्यातलं. सासऱ्यांच्या बैठकीत भिंतीवर एक वंशवृक्ष टांगलेला आहे आणि तो १०६६ साली इंग्लंड जिंकणाऱ्या विल्यमबरोबर नॉर्मंडीहून आलेल्या एका सरदारापर्यंत जाऊन टेकतो. ताईंनी चर्चच्या नोंदवह्या आणि मृत्युपत्रं धुंडाळत स्वतः १५६० च्या सुमारचा पूर्वज गाठला. तिथे वह्या संपल्या. आता त्याच्या मागे कसं जायचं, आणि भिंतीवरच्या झाडावर कितपत विसंबायचं?

मी बरीच वर्षं इंग्लंडातल्या दप्तरखान्यांत हेच काम करते आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी भिंतीवरचं झाड. ते उतरवायला लावू नका, सासरेबुवांचा जीव त्यात असेल. पण शोध घेताना ते नाहीच असं समजून चाला. १०६६ च्या हेस्टिंग्जच्या लढाईत विल्यमच्या बाजूने कोण होतं, हे त्या काळच्या पुराव्यावरून ठामपणे सांगायचं तर यादी दोन-तीन डझनांच्या पुढे जात नाही. तरी इंग्लंडभर किती घरांत अशी झाडं आहेत! त्यातली बरीच हेरल्डांच्या फेऱ्यांतून आली. हेरल्ड म्हणजे कुलचिन्हांचा कारभार पाहणारे राजाचे अधिकारी. १५३० पासून १६८० च्या दशकापर्यंत ते परगण्यापरगण्यांत फिरत, कुलचिन्ह मिरवणाऱ्यांना बोलावून ‘हक्क दाखवा’ म्हणत आणि त्यांची वंशावळ उतरवून घेत. घरधनी आपल्या आज्या-पणज्यापर्यंत सांगतो तोवर ती माहिती सहसा बरी असते. त्याच्या वर गेलं की ऐकीव गोष्टी, आडनावातलं साम्य आणि हौस. ट्यूडर काळात ज्यांच्या हाती नवा पैसा आला त्यांना जुनं रक्त हवं होतं, आणि ते पुरवणारेही होते. जे. होरेस राउंड या इतिहासकारानं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून अशी कित्येक बडी झाडं मुळासकट उपटली. साधारण त्याच काळात गुस्ताव आंजू नावाचे एक गृहस्थ अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांना बनावट नोंदी घुसडलेल्या वंशावळी विकत होते. त्यांनी जन्माला घातलेल्या पिढ्या आजही इंटरनेटवरच्या झाडांत सुखाने नांदताहेत.

म्हणून प्रत्येक सांध्याला एकच प्रश्न विचारायचा: हा त्याचा मुलगा, असं कोणत्या कागदात लिहिलंय? कागद त्या काळचा हवा आणि त्यात नातं सांगितलेलं हवं. ‘दोघांचं आडनाव एक, गाव एक, मधे तीस वर्षं’ हा पुरावा नव्हे.

तुमच्या वह्या १५६० ला संपल्या यात नवल काही नाही. १५३८ साली आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने फर्मान काढलं की प्रत्येक चर्चने बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं लिहून ठेवावीत. त्याआधी अशी सक्तीची वही नव्हतीच. आणि १५९८ च्या आदेशानुसार जुन्या कागदी वह्या चर्मपत्रावर उतरवताना एलिझाबेथच्या राज्यारोहणापासूनच्या, म्हणजे १५५८ पासूनच्या नोंदी उतरवल्या तरी चालेल अशी मोकळीक मिळाली. अनेक पाद्र्यांनी ती आनंदाने घेतली, त्यामुळे पुष्कळ गावांची पहिली वीस वर्षं तिथेच गेली.

१५३८ च्या आधी साध्या माणसाच्या जन्ममरणाची नोंद ठेवण्यात कुणालाच रस नव्हता. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या वहीत जशा एकाखाली एक पिढ्या सापडतात, तसं तिथे काही नाही. रस होता तो जमिनीत आणि पैशात. जमीन एका हातातून दुसऱ्या हातात गेली, कर बसला, दंड झाला, भाऊबंदकी कोर्टात गेली की मगच माणसाचं नाव कागदावर यायचं. तेव्हा मागे जाताना माणसाचा माग काढू नका. त्याने कसलेली किंवा धरलेली जमीन पकडा आणि ती त्याच्याकडे कुठून आली ते विचारत जा. आडनाव दगा देतं, जमीन जागची हलत नाही.

आडनाव कसं दगा देतं याचा उत्तम दाखला तुमच्याच परगण्यात आहे. इंग्लिश कवी जेफ्री चॉसर सगळ्यांना ठाऊक असतो. त्याचं घराणं मूळचं सफोकमधल्या इप्सविचचं, आणि तिथे त्यांना कुणी चॉसर म्हणत नव्हतं. कवीचा पणजा अँड्र्यू कागदात कधी ‘डेनिंग्टनचा’ म्हणून येतो, कधी ‘खानावळवाला’ म्हणून. डेनिंग्टन हे सफोकमधलं गाव. त्याचा मुलगा रॉबर्ट कधी डेनिंग्टनचा, कधी मालिन, कधी ल चॉसर. संशोधकांचं मत असं की लंडनला ज्या व्यापाऱ्याच्या हाताखाली तो होता त्या जॉन ल चॉसरचं नाव त्याने उचललं. म्हणजे ‘चॉसर’ हे आडनाव घेऊन कुणी मागे निघाला, तर तो रॉबर्टच्या मालकाच्या घरात शिरेल, बापाच्या नव्हे. चौदाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे सर्रास चालायचं. धंद्यावरून, गावावरून, बायकोच्या जमिनीवरून माणूस एका आयुष्यात तीन नावं वापरायचा आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

पुढचा घोटाळा आणखी बोधक आहे. रॉबर्ट १३१४-१५ च्या सुमारास वारला. त्याच्या विधवेने, मेरीने, रिचर्ड ल चॉसर नावाच्या लंडनच्या दारूव्यापाऱ्याशी लग्न केलं. रॉबर्ट आणि मेरीचा मुलगा जॉन सावत्र बापाच्या घरी वाढला आणि स्वतःही दारूव्यापारी झाला. या जॉनचा मुलगा जेफ्री, म्हणजे कवी. रिचर्ड १३४९ साली वारला आणि आपली काही मिळकत सेंट मेरी ऑल्डरमेरी या चर्चला ठेवून गेला. जवळपास अडीचशे वर्षांनी, १५९८ साली, जॉन स्टो याने लंडनचं वर्णन लिहिताना हा रिचर्ड म्हणजे कवीचा बाप असावा, असं लिहून टाकलं. आडनाव तेच, धंदा तोच, शहराचा भागही तोच. चूक होणं साहजिक होतं. पण रिचर्ड कवीचा बाप नव्हता, आजाही नव्हता. आजीचा नंतरचा नवरा होता. हा पेच सुटला तो जमिनीच्या कागदावरून. टेम्स स्ट्रीटवरचं वडिलांचं घर कवीने हेन्री हर्बरी याच्या नावे सोडून दिलं. लंडनच्या हस्टिंग न्यायालयाच्या गुंडाळीत, म्हणजे गुंडाळून ठेवलेल्या चर्मपत्रावरच्या दप्तरात, त्या हक्कसोडपत्राची नक्कल आहे, आणि तीत तो स्वतःची ओळख देतो: ‘मी जेफ्री चॉसर, लंडनचा दारूव्यापारी जॉन चॉसर याचा मुलगा’. त्याला इथे बापाचं नाव लिहावंच लागलं, कारण घर बापाचं होतं आणि हक्क बापाकडून आला होता.

त्या हक्कसोडपत्राची तारीखही बघण्यासारखी आहे: १९ जून १३८१, म्हणजे वॅट टायलरच्या शेतकरी-उठावाने लंडन पेटल्यानंतर आठवडाभरही झालेला नव्हता. मूळ कागदांत इसवी सन नसतो. ‘राजाच्या राज्याच्या अमुकाव्या वर्षी’ असं असतं. दुसऱ्या रिचर्डचं राज्यवर्ष २२ जूनला बदलतं. त्यामुळे १९ जून चौथ्या वर्षात पडतो आणि तीनच दिवसांनी पाचवं वर्ष लागतं. हा कागद पाचव्या वर्षाच्या गुंडाळीत नोंदवलेला आहे, आणि छापील पुस्तकांत त्याला १३८० सालही दिलेलं आढळतं. प्रत्येक राजाचं वर्ष वेगळ्या दिवशी सुरू होतं. पहिल्या एडवर्डचं २० नोव्हेंबरला, तिसऱ्या एडवर्डचं २५ जानेवारीला. राज्यवर्षांचा तक्ता जवळ ठेवल्याशिवाय कामाला बसूच नका. शिवाय १७५२ पर्यंत इंग्लंडात कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीच्या तारखा दोनदा तपासाव्या लागतात.

रॉबर्टला ॲग्नेस नावाची बहीण होती, जॉनचा रिचर्डशी नेमका काय संबंध होता, हे सगळं आपल्याला कळतं ते एका अपहरणामुळे. डिसेंबर १३२४ मध्ये या आत्याबाईंनी माणसं घेऊन लहानग्या जॉनला पळवलं. आपल्या मुलीशी, जोनशी, त्याचं लग्न लावायचं आणि इप्सविचची वडिलोपार्जित मिळकत घरातच ठेवायची, असा बेत. मेरी आणि रिचर्ड कोर्टात गेले आणि २५० पौंडांची भरपाई मंजूर झाली. त्या काळच्या मानाने हा आकडा डोळे फिरवणारा होता. ही भाऊबंदकी झाली नसती तर कवीच्या आजीचं नाव कोर्टाच्या गुंडाळीत आलंच नसतं. माझ्या अनुभवात शांततेत नांदलेलं घराणं शोधायला सर्वात कठीण.

आता तुमच्या कामाकडे. तुमचे १५६० चे पूर्वज सरदार नसणार, बहुतेक सफोकचे शेतकरी किंवा कापडाच्या धंद्यातले. म्हणून पहिली पायरी १५२४-२५ च्या करयाद्या. या वेळचा कर फार खोलवर गेला होता. वर्षाला एक पौंड मजुरी मिळवणाऱ्या गड्याचंसुद्धा नाव त्यात येतं. सफोकची १५२४ ची यादी छापलेली आहे, गाववार आहे. तिच्यात नातं कळत नाही, पण तुमचं आडनाव त्या वर्षी कोणकोणत्या गावांत होतं आणि कोण किती पैसेवाला होता हे एका संध्याकाळी कळतं. १३२७ चीही सफोकची यादी छापील आहे. मधे १३७७ चा डोईकर येतो, चौदा वर्षांवरच्या सगळ्यांना, भिकारी आणि धर्मोपदेशकांचा अपवाद सोडला तर, प्रत्येकी चार पेनी. त्याच्या आणि नंतरच्या १३७९, १३८१ च्या याद्या तुकड्यातुकड्यांनी उरल्या आहेत. याद्यांवरून झाड बांधायचं नाही. कुठल्या गावात खणायचं, एवढंच त्यांना विचारायचं.

दुसरं, मृत्युपत्रं. सफोकमध्ये साध्या माणसाचं मृत्युपत्र आर्चडीकनच्या, म्हणजे बिशपच्या हाताखालच्या अधिकाऱ्याच्या, कोर्टात, त्याहून मोठ्याचं नॉरिचच्या बिशपच्या कोर्टात, आणि एकाहून जास्त बिशपांच्या हद्दीत मालमत्ता असली तर कँटरबरीच्या आर्चबिशपच्या कोर्टात. कँटरबरीची मृत्युपत्रं १३८० च्या दशकापासून मिळतात. तिन्ही ठिकाणी शोधा. आणि एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: १५४० च्या कायद्याआधी शहरांबाहेर जमीन सहसा मृत्युपत्राने थेट देता येत नसे. जमीन कायद्यानेच वारसाकडे जाई. मृत्युपत्रात भांडीकुंडी, गुरं, कपडे आणि चर्चला मेणबत्त्या. परिणामी ज्याला सगळी जमीन मिळाली तो थोरला मुलगा बापाच्या मृत्युपत्रात बऱ्याचदा दिसतच नाही, किंवा त्याला एक चमचा मिळालेला दिसतो. ‘मृत्युपत्रात नाव नाही म्हणजे मुलगा नव्हे’ या तर्काने चांगली चांगली झाडं मधोमध तुटली आहेत. लंडन, इप्सविच यांसारख्या शहरांत रिवाजाने जमीन देता येई, म्हणून तिथली मृत्युपत्रं सोन्यासारखी. लंडनच्या हस्टिंग कोर्टातली तर १२५८ पासूनची आहेत.

तिसरं, आणि तुमच्यासाठी सर्वात मोलाचं, म्हणजे मॅनरच्या कोर्टाच्या गुंडाळ्या. मॅनर म्हणजे एका जमीनदाराच्या अखत्यारीतली जमीन आणि तिच्यावरची कुळं. मॅनरचं स्वतःचं छोटं न्यायालय असे आणि कारकून त्याचं कामकाज चर्मपत्रावर लॅटिनमध्ये लिहून गुंडाळून ठेवी. कूळ मेलं की साधारण अशी नोंद पडायची: मागच्या बैठकीनंतर अमुक मेला, त्याच्याकडे एक घर आणि बारा एकर होते, मालकाचा हक्क म्हणून त्याचं सर्वात चांगलं जनावर, एक गाय, जमा केली, त्याचा मुलगा आणि वारस विल्यम हजर झाला, जमीन मागितली, प्रवेशाचे पैसे भरले आणि त्याला ताबा दिला. आपल्या फेरफारावरची वारसनोंदच ही, फक्त सातशे वर्षांपूर्वीची. ‘मुलगा आणि वारस’ हे शब्द हाती आले की एक पिढी पक्की झाली. मुलीच्या लग्नासाठी मालकाला भरलेला पैसा, बिअर गाळून विकल्याचा दंड, कुंपण मोडल्याचा दंड, यांतून बायकाही दिसतात. एरवी त्या क्वचितच दिसतात.

यातही सापळा आहे. सगळीकडे थोरलाच वारस होतो असं नाही. सफोकमधल्या काही मॅनरांत धाकट्या मुलाला जमीन जाण्याची रीत होती. तुम्ही थोरल्याच्या मागे लागाल आणि घराणं धाकट्याच्या शेतात चाललेलं असेल. म्हणून त्या मॅनरची रीत आधी वाचून घ्या.

या गुंडाळ्या कुठे मिळतील याचा भरवसा नाही. इंग्लंडच्या नॅशनल आर्काइव्ह्जच्या संकेतस्थळावर मॅनरच्या कागदांची एक सूची आहे. गावाचं नाव टाका, कुठली गुंडाळी कुठे आहे ते दिसतं. सफोकचे कागद सफोकच्याच दप्तरखान्यात असतील असं वाटतं, पण रेडग्रेव्ह या सफोकच्या मॅनरच्या तेराव्या शतकापासूनच्या गुंडाळ्या आज शिकागो विद्यापीठात आहेत. रेडग्रेव्ह आधी सफोकमधल्याच बरी सेंट एडमंड्सच्या मठाचं होतं. मठ बरखास्त झाल्यावर ते सर निकोलस बेकन याच्याकडे आलं, आणि त्या घराण्याचं दप्तर विसाव्या शतकात विकलं गेलं. उलट वॉल्शम-ल-विलोज या गावाच्या चौदाव्या शतकातल्या गुंडाळ्या इंग्रजीत भाषांतर होऊन छापल्या गेल्या आहेत. सवय व्हावी म्हणून त्या आधी वाचा, तुमचं गाव नसलं तरी. प्लेगच्या वर्षी, जून १३४९ च्या एकाच बैठकीत, तिथे शंभराहून जास्त कुळांचे मृत्यू नोंदलेले आहेत. मृत्यूमागून मृत्यू आणि प्रत्येकाखाली वारसाचं नाव. काही ठिकाणी एका बैठकीत वारस ठरलेला पुढच्या बैठकीत स्वतःच मेलेला. अशा वर्षी मुलगा समजून आपण ज्याला धरतो तो पुतण्या निघण्याची शक्यता फार असते, म्हणून १३४९ ओलांडताना दुप्पट पुरावा मागायचा.

आता समजा मागे जाता जाता घराणं वर सरकलं, जमीनदार निघालं. मग वेगळे कागद उघडतात. राजाकडून थेट जमीन धरणारा कुणी मेला की एस्चीटर नावाचा अधिकारी स्थानिक पंचांना बसवून विचारायचा: हा कधी मेला, जमीन किती, वारस कोण, त्याचं वय काय? या चौकशा तेराव्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थांशापासून चार शतकं चालल्या. घराण्याच्या दृष्टीने इतकं थेट उत्तर देणारा दुसरा कागद नाही. वयापुढे मात्र ‘आणि अधिक’ असं असतं आणि ते गांभीर्यानेच घ्यायचं. वारस एकवीसच्या पुढचा असला की राजाला त्याचं खरं वय जाणण्याची गरज नसे. तीस, चाळीस असा गोल आकडा लिहून पंच मोकळे व्हायचे. वारस अज्ञान असला तर त्याचं आणि जमिनीचं पालकत्व राजाकडे जाई, त्यात पैसा असे, म्हणून ते वय जास्त काळजीने सांगितलेलं असतं.

हा फरक चॉसरच्याच तोंडून ऐका. १३८५ ते १३९० या काळात स्क्रोप आणि ग्रॉव्हनर या दोन घराण्यांत निळ्यावर सोनेरी तिरका पट्टा या कुलचिन्हावरून खटला चालला. १५ ऑक्टोबर १३८६ ला कवीची साक्ष झाली. वय ‘चाळीस वर्षं आणि अधिक’, शस्त्र धरून सत्तावीस वर्षं. लंडनच्या फ्रायडे स्ट्रीटवरून चाललो असता हेच चिन्ह एका खाणावळीवर टांगलेलं दिसलं, म्हणून इथे स्क्रोप उतरलेत का असं विचारलं, तर उत्तर मिळालं की नाही, हे ग्रॉव्हनरचं. ते नाव तेव्हा पहिल्यांदाच ऐकलं, असं तो सांगतो. आता आकडे बघा. १३८६ मधून सत्तावीस वजा केले की १३५९ येतं. त्याच वर्षी तो तिसऱ्या एडवर्डच्या फौजेबरोबर फ्रान्सला गेला, पकडला गेला, आणि मार्च १३६० मध्ये त्याच्या खंडणीसाठी राजाने सोळा पौंड दिल्याची नोंद आहे. पहिली मोहीम त्याला बिनचूक आठवत होती. वयाचा ‘चाळीस’ मात्र नुसता गोल आकडा. त्यावरून जन्मवर्ष काढायला जाऊ नका, अभ्यासकही १३४० च्या दशकाच्या सुरुवातीला कुठेतरी एवढंच म्हणतात.

अज्ञान वारस सज्ञान झाला की वयाचा पुरावा घेतला जाई. बारा पंच येऊन सांगत, ‘मला त्याचा जन्म आठवतो, कारण त्याच दिवशी माझा पाय मोडला’, ‘त्याच दिवशी माझ्या मुलाचा बाप्तिस्मा झाला’, ‘त्याच आठवड्यात माझं घर जळालं’. वाचायला फार गोड. पण वेगवेगळ्या परगण्यांत त्याच त्या आठवणी त्याच त्या क्रमाने येऊ लागल्या की कळतं, कारकुनाकडे ठरलेला नमुना होता. जन्मतारीख बऱ्याचदा ठीक असते. पाय मोडल्याचं मनावर घेऊ नका.

जमिनीच्या व्यवहारांसाठी ‘फूट ऑफ फाइन’ बघा. दोन पक्षांनी कोर्टात लुटुपुटीचा दावा लावून केलेली तडजोड. मजकूर एकाच चर्मपत्रावर तीनदा लिहीत, नागमोडी कापत, दोन तुकडे पक्षकारांना आणि खालचा, म्हणजे पायाकडचा, सरकारी खजिन्यात. जुलै ११९५ पासून १८३० च्या दशकापर्यंत हे सुरू होतं आणि परगणेवार छापलेलेही पुष्कळ आहेत. यातली एक खूण शिकून घ्या. नवरा-बायको मिळून जमीन देताहेत आणि हमी ‘बायकोच्या वारसांच्या’ वतीने आहे, असं दिसलं तर ती जमीन बायकोच्या माहेरची. इतर कुठल्याही कागदात तिच्या बापाचं नाव नसेल, पण ती जमीन वीस वर्षांपूर्वी कुणाकडे होती हे शोधलं की माहेर सापडतं. मध्ययुगातल्या निम्म्या बायका मला अशाच सापडल्या आहेत.

आणि कोर्टाच्या मुख्य गुंडाळ्या. वारसाहक्काच्या दाव्यात वादीला वंशावळ तोंडी मांडावी लागे: अमुककडून त्याच्या मुलाकडे, तो निपुत्रिक गेला म्हणून भावाकडे, भावाकडून बहिणीकडे, तिच्याकडून माझ्याकडे. १२७५ च्या कायद्याने मुख्य हक्कदाव्यात मागे कुठवर जाता येईल याची सीमा पहिल्या रिचर्डच्या राज्याभिषेकाला, ३ सप्टेंबर ११८९ ला, ठेवली. त्यामुळे तेराव्या शतकाच्या अखेरच्या दाव्यांतून शंभर वर्षांच्या वंशावळी आयत्या मिळतात. १२८५ नंतर ‘एन्टेल’, म्हणजे ठरवून दिलेल्या वंशातच राहायच्या, जमिनींचे दावे आले आणि त्यांत तर देणाऱ्यापासून वादीपर्यंत प्रत्येक पायरी सांगणं भाग. अर्थात वादी आपल्या फायद्याचं बोलतो. प्रतिवादीने वंशावळच नाकारली आहे का, की फक्त जमिनीबद्दल वाद घातला आहे, ते जरूर बघा. विरोधकाने जी पिढी मान्य केली ती भक्कम. आणखी एक नियम उपयोगी पडतो: सावत्र भावाला वारसा मिळत नसे. सख्खी बहीण वारस ठरली आणि बापाचा दुसरा मुलगा हयात आहे, असं चित्र दिसलं तर आया वेगळ्या, हे न लिहिताही कळतं.

या गुंडाळ्यांची लाखो छायाचित्रं ह्यूस्टन विद्यापीठाच्या एका संकेतस्थळावर फुकट आहेत. लॅटिन संक्षेपांनी भरलेलं हस्ताक्षर बघून पहिल्या दिवशी घाम फुटतो, पण नॅशनल आर्काइव्ह्जचे जुनं हस्ताक्षर आणि लॅटिन शिकवणारे मोफत धडे आहेत. कोर्टाचे मजकूर साचेबंद असतात, म्हणून पाच-पन्नास साचे ओळखता आले की गाडी चालू लागते. ‘सगळं छापून झालंय’ हा समजही काढून टाका. २०२२ साली चॉसरसारख्या माणसाबद्दल, ज्याचे कागद दीडशे वर्षं पिंजले गेलेत, नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये नवे कागद सापडले. १३८० साली सेसिली शॉम्पेन नावाच्या बाईने त्याला बलात्कार किंवा अपहरण असा अर्थ निघणाऱ्या आरोपातून मोकळं केल्याचा कागद होता; नव्या कागदांवरून त्या प्रकरणाचा अर्थच बदलला. फौजदारी वाटलेलं प्रकरण एका धन्याने मजूर-कायद्याखाली दोघांविरुद्ध केलेल्या दाव्याशी जोडलेलं निघालं.

चॉसरांचं पुढे काय झालं तेही सांगते, कारण तुमच्या भिंतीवरच्या झाडाला ते लागू आहे. कवीचा मुलगा थॉमस मोठा झाला, कॉमन्स सभागृहाचा अनेकदा स्पीकर झाला आणि १४३४ साली वारला. ऑक्सफर्डशायरमधल्या यूएल्मला त्याच्या थडग्यावर बापाचं कुलचिन्ह ठळक नाही. आईच्या घराण्याची, रोएतांची, चाकं आहेत, कारण प्रतिष्ठा तिकडची होती. कुलचिन्हावरूनच बाप ओळखायचा तर इथे फसगत ठरलेली. थॉमस कवीचाच मुलगा, हे कळतं ते जेफ्रीच्या नावाचा शिक्का त्याने वापरला त्यावरून आणि ऑक्सफर्डच्या थॉमस गॅस्कॉइन याने तसं लिहून ठेवलंय त्यावरून. थॉमसला एकच मुलगी, ॲलिस. ती सफोकची डचेस झाली आणि सगळी जमीन डी ला पोल घराण्यात गेली. चॉसर हे नाव त्या शाखेत तिथेच संपलं, रक्त पुढे गेलं. नाव टिकून राहणं हा अपवाद असतो.

डीएनएबद्दल ताईंनी शेवटी ओझरतं विचारलंय. सासऱ्यांची वाय-गुणसूत्राची चाचणी करायला हरकत नाही, पण सातशे वर्षांचा दावा तीवर टांगू नका. लेस्टरला २०१२ साली सापडलेला सांगाडा तिसऱ्या रिचर्डचा हे त्याच्या बहिणीच्या मातृवंशातल्या लोकांशी जुळवून ठरलं. पुरुषांच्या वंशात मात्र, कागदोपत्री ज्यांचा मूळ पुरुष रिचर्डचाच, म्हणजे तिसरा एडवर्ड, त्या ब्यूफर्ट शाखेच्या आजच्या पुरुषांशी वाय-गुणसूत्र जुळलं नाही. शिवाय त्या आजच्या पुरुषांतही एक जण बाकीच्यांशी जुळला नाही. राजघराण्याच्या, म्हणजे इंग्लंडातल्या सर्वात काटेकोर वंशावळीची ही गत आहे.

सुरुवात १५२४ च्या यादीपासून करा. १५६० चा तुमचा पूर्वज ज्या गावात पुरला गेला ते गाव आणि त्याच्याभोवतीचा पाच मैलांचा पट्टा एवढंच बघा. आडनाव दिसलेली गावं आणि त्या पूर्वजाच्या मृत्युपत्रात आलेली शेतांची नावं इथे कळवा. शेताच्या नावावरून मॅनर कुठलं ते बहुधा ठरवता येतं. ते कळलं की कुठली गुंडाळी मागवायची तेही सांगेन.